डालग्याखालची धडपी

कालिंदीबाई नेसरीच्या दवाखान्यात रुजू झाल्या त्या एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. दवाखान्याच्या पाटीवर जुन्या सरकारचं नाव होतं, कागदांवर नव्या सरकारचं, आणि औषधांच्या कपाटात दोघांपैकी कुणाचंच फारसं काही नव्हतं. बाईंनी कपाट उघडलं, पुन्हा लावलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांना दमल्यासारखं झालं. ते दमणं पुढं कधी उतरलंच नाही.

बाई मूळच्या कोल्हापूरच्या, मंगळवार पेठेतल्या. वडील दत्तोपंत शाळामास्तर. नवरा यज्ञेश्वर विषमज्वरानं गेला तेव्हा कालिंदी तेवीस वर्षांची होती, पदरी मूलबाळ नव्हतं. वर्षभर ती माहेरी तांदूळ निवडत बसली. मग एके दिवशी दत्तोपंतांनी तिच्यापुढचं सूप उचललं आणि तिला नर्सचं शिक्षण घ्यायला धाडलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाळंतपणं करणं हे काय मास्तरांच्या लेकीचं काम, असं म्हणणाऱ्या एका मावशीच्या सुनेचं बाळंतपण पुढं अडलं, आणि ते कालिंदीनंच सोडवलं. मावशींचं नाक त्या दिवशी अगदी सरळ होतं.

नेसरीला त्या आल्या तेव्हा छत्तिशीला टेकल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टर एक, तेही आठवड्यातले तीन दिवस. उरलेले दिवस ते गडहिंग्लजला असत. हाताखाली तेरा वाड्या, आणि त्या सगळ्या पायाखाली घालायला कालिंदीबाईंचे दोन पाय. कोल्हापूरचा मोठा दवाखाना सर्व्हिस मोटार मिळाली तर चार-पाच तासांवर होता, आणि नाही मिळाली तर देवाच्या भरवशावर. त्यामुळे जे काही करायचं ते इथंच, पिशवीतल्या सामानावर आणि हातांच्या बळावर. बदलीसाठी त्या दर वर्षी अर्ज करत. दर वर्षी तो वर विचारात घेतला जाई, आणि तिथंच राही.

नेसरीपासून दोन कोसांवर एक वाडी होती. तिथं बाळाबाई राहायची. पन्नाशी ओलांडलेली, शेतकरी घरातली, नवरा वारलेला, आवाज शिवारापार जाणारा. वाडीत पंचवीस वर्षं जन्मलेलं प्रत्येक पोर तिच्या हातात पडलं होतं. बाजारात एखादा बाप्या मिशीला पीळ देऊन उभा असला, की तो डोक्याकडनं आला होता का पायाकडनं, हे ती चारचौघांत सांगून मोकळी व्हायची. त्यामुळे वाडीतले भलेभले पुरुष तिला वळसा घालून जात.

कालिंदीबाईंनी आल्याआल्या सगळ्या वाड्यांच्या सुइणींना दवाखान्यात बोलावलं आणि स्वच्छतेचे धडे दिले. नखं काढा, पातं उकळा, हात साबणानं धुवा, जमीन सारवलेली ठेवा, रक्ताची फडकी बाळंतिणीजवळ ठेवू नका. बाळाबाई हाताची घडी घालून बसली होती. पण घरी जाऊन तिनं सगळ्यांच्या वरताण केलं. कारण शेवटची गोष्ट तर त्या मुलखात आधीपासूनच पाळली जात होती. बाळंतिणीच्या रक्ताचं कापड परक्या नजरेला पडलं तर त्यावर कुणी करणी करतं, बाईची कूस बांधतं, अशी सगळ्यांना धास्ती. म्हणून जुन्या लुगड्याची फाडलेली धडपी बाईच्या अंगाखाली घालायची, एखादं भिजलं की लगेच काढायचं, घरातल्या कुणीतरी ते पदराआड ओढ्यावर न्यायचं, धुऊन टाकायचं, आणि वर जमीन सारवायची. नर्सबाईंची शिकवण आणि वाडीचा रिवाज असे हातात हात घालून बसले. बाईंना वाटलं, आपलं चांगलं चाललंय. घात तिथंच झाला.

पन्नास सालच्या माघात बाळाबाईची एकुलती एक लेक शालूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळाबाईनंच तिला मोकळं केलं. मुलगी झाली. जावई आकाराम नेसरीला पेढे घ्यायला आला होता, त्यानं दवाखान्याच्या दारात थांबून बातमी सांगितली. कालिंदीबाई दुसऱ्या वाडीला निघालेल्या, त्या वाट वाकडी करून शालूला बघायला गेल्या.

खोली बघून त्यांना भरून आलं. जमीन ताजी सारवलेली, कोपऱ्यात धूप, शालूच्या अंगाखाली पांढरं स्वच्छ धडपं, आणि त्यावर तळहाताएवढा डाग. पोटाला पट्टा गच्च बांधलेला. तो सोडून बघायचं बाईंच्या मनातसुद्धा आलं नाही.

"अंगावरनं किती गेलं?" त्यांनी विचारलं.

"जातंय तेवढंच की," बाळाबाई म्हणाली. "वंगाळ रगत हाय, ते गेलंच पायजे."

"शाब्बास, बाळाबाई. कोल्हापुरातसुद्धा इतकी स्वच्छ खोली ठेवत नाहीत."

बाळाबाई हसली. त्या वाडीत तिला शाब्बास म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तिनं बाईंना सोप्यावर बसवलं आणि गुळाचा चहा टाकला. आतून शालूनं एकदा पाणी मागितलं. पहिल्या दिवशी बाळंतिणीला पाणी देत नसत, म्हणून कुणी दिलं नाही. मग ती जांभया देऊ लागली. दमलीय पोर, झोपू दे, असं दोघीही म्हणाल्या. बाईंचा चहा संपतो न संपतो तोच आतून शेजारीण ओरडली.

कालिंदीबाईंनी पट्टा सोडला तेव्हा हाताला पोट लागलं ते पातळ भिजवलेल्या पिठासारखं. पिशवीत दोन इंजेक्शनं होती, गर्भाशय आवळून धरणारी. वाड्यांवर त्यांना आवळायची सुई म्हणत. दोन्ही दिली. पोट चोळलं, पाय उंच केले, देवाचं नाव घेतलं. दिवस मावळायला कासराभर उरला असताना शालू गेली.

हात धुवायला बाई ओढ्यावर गेल्या. निरगुडीच्या झुडपांवर धडपी वाळत घातली होती. स्वच्छ धुतलेली, नीट पसरलेली. बाईंनी मोजली. नऊ होती. त्या तिथंच ओल्या दगडावर बसल्या. मला खोलीत एक दिसलं, आणि मी शाब्बास म्हटलं, एवढंच त्या मनाशी म्हणत राहिल्या.

दवाखान्यात परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तसलाच तुकडा फाडला, दोन हात लांब, हातभर रुंद, आणि मापानं पाणी ओतत बसल्या. एक धडपं चिंब व्हायला पाव शेर लागलं. नवाला सव्वादोन शेर. कोवळ्या पोरीच्या अंगात रक्त असतं चार शेर. डॉक्टर येईपर्यंत त्या ओल्या कपड्यासमोर बसून होत्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही मनाला लावून घेऊ नका." या वाक्यानं आजवर कुणाचं भलं झालंय, ते मला तरी माहीत नाही.

त्या दिवसापासून बाईंनी नवा नियम काढला. बाळंतिणीची धडपी खोलीबाहेर न्यायची नाहीत. पहिलं चिंब झालं की नर्सबाईला निरोप. दुसरं झालं की बैलगाडी जुंपायची. नियम सोपा होता, आणि तो एकाही बाईनं पाळला नाही. धडपी दिसतील तिथं ठेवायची म्हणजे करणीला घरात बोलावणं, असं सगळ्यांचं म्हणणं. बाई जिथं जातील तिथं दारातच विचारत, धडपी कुठं आहेत? बायका तोंडाला पदर लावून हसत. महिन्याभरात त्यांचं नाव धडपेबाई पडलं. पोरंटोरं लांबून तशी हाक मारत आणि पळून जात. बाईंनी राग धरला नाही, रागाला लागणारी ताकद त्या चालण्यात खर्चून बसल्या होत्या.

आणि बाळाबाई त्यांच्याशी बोलायची बंद झाली होती. वाडीत समोरासमोर आल्या तर ती मान फिरवायची. शालूची तान्ही मुलगीही महिन्याभरात गेली होती. वाडीत कुजबुज होती, की नर्सबाईचा पायगुणच वाईट. बाळाबाई तसं म्हणाली नाही, पण दुसऱ्यानं म्हटलं तर खोडूनही काढलं नाही.

सव्वा वर्ष असं गेलं. मग एका बाजाराच्या दिवशी बाळाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. शेवटचा रोगी गेला, कंपाउंडर जेवायला गेला, तरी ती उठेना. शेवटी आत आली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "त्या दिशी वढ्यावर किती हुती?"

कालिंदीबाईंना खोटं बोलता आलं असतं. तीन होती म्हटलं असतं तर म्हातारी घरी जाऊन झोपली असती. पण त्यांच्या तोंडून खरंच निघालं. "नऊ."

बाळाबाई खाली बसली. ती जमिनीवरून हात फिरवत राहिली.

"म्याच धुवायला लावली," ती म्हणाली. "भिजलं की काडायचं, भिजलं की काडायचं. माज्या लेकीचं कुनाला दिसू ने म्हनून. म्याबी मोजली न्हाईत."

"आणि मी तुम्हाला शाब्बास म्हटलं," कालिंदीबाई म्हणाल्या.

"व्हय. म्हटलासा."

दोघींनी एकमेकींना दोष दिला नाही आणि माफीही मागितली नाही. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. बाळाबाईनं तो घटाघटा रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं.

"धडपी खोलीत ऱ्हातील," ती एकदम म्हणाली. "पर उघडी न्हाईत. कोंबड्या झाकायचं डालगं हाय न्हवं, तसलं कोरं डालगं आनायचं, त्येच्याखाली ठेवायची. डालग्याजवळ मी बसंन. तुमची नजर पडंल आनि माजी. तिसऱ्याची न्हाय. तुमी बगून झालं की मीच मातीत पुरीन. कुनाची करनी हुतीया ते बगती मी."

 सव्वा वर्ष कालिंदीबाई बायकांची भीती घालवायला निघाल्या होत्या. बाळाबाईनं भीतीला हातच लावला नाही, तिच्यावर नुसतं डालगं ठेवलं.

पुढच्या महिन्याभरात बाळाबाईनं तेरा वाड्यांच्या सुइणींना हे डालगं पटवलं. तिला भाषण करता येत नव्हतं, पण ओरडता येत होतं. सोबत कालिंदीबाईंनी शिकवलेलं बाकीचंही तिनं आपल्या बोलीत उतरवलं. वार पडायच्या आधी नाळ ओढायची नाही. बाळाला लगेच अंगावर घ्यायचं. बाईला लघवीला बसवायचं. पाणी मागितलं तर द्यायचं. आणि पट्टा दोन घटका बांधायचा नाही, पोटावर हात ठेवून गर्भाशयाचा गोळा चोळत राहायचं. "ग्वाळा कवठावानी लागला पायजे," ती सांगायची. "पिठावानी लागला तर समजा, बाई चालली."

आता निरोप येऊ लागले. पहिलं धडपं तर चांगल्या बाळंतपणातही भिजतं, त्यामुळे निम्म्याहून अधिक खेपांना बाई पोचायच्या तेव्हा बाळंतीण उठून बसलेली आणि सासू कपाळाला आठ्या घालून उभी. "काय बी झालं न्हवतं, उगंच बोलीवलं," असं ऐकून बाई चार कोसांची रपेट पुरी करत. पायाला भेगा पडल्या, चपलांचे अंगठे तुटले, गुडघे कुरकुरू लागले. ज्या चौघी-पाचजणी खरंच वाहत होत्या, त्या वाचल्या. पण वाचलेल्या बाईच्या घरीही म्हणत, काय झालं न्हवतं. ते एका अर्थानं खरंच होतं. होणारं काही झालं नाही, एवढंच तर बाईंचं काम होतं, आणि न झालेल्या गोष्टीबद्दल कुणी कुणाला नारळ देत नाही.

ज्यांना आधीची चार-पाच पोरं होती किंवा ज्या मागच्या खेपेला वाहिल्या होत्या, त्यांना बाई मूल बाहेर येताच सुई देऊन टाकत, रक्ताची वाट बघत बसत नसत. इथं वरच्या ऑफिसला प्रश्न पडला. रक्तस्राव झालेला नसताना इंजेक्शन का वापरलं? बाईंनी उत्तर लिहिलं, की वापरलं म्हणूनच झाला नाही. हे उत्तर वर कुणाला उद्धटपणाचं वाटलं असावं. चौपन्नच्या दिवाळीनंतर कागद आला. आपल्या विभागात गेल्या दोन वर्षांत प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एकही मृत्यू झालेला नाही, सबब सदर इंजेक्शनांचा पुरवठा अधिक गरज असलेल्या केंद्रांकडे वळवण्यात येत आहे.

कालिंदीबाईंनी कागद दोनदा वाचला आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डॉक्टर घाबरून आतल्या खोलीतून आले.

"दोघीतिघी मेल्या असत्या तर मिळालं असतं हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

डॉक्टर भले होते. त्यांनी वर पत्र लिहिलं, पदरमोड करायच्या तयारीनं गडहिंग्लजला औषधांच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं ते नाव ऐकलं नव्हतं. कपाटातला कप्पा रिकामा झाला आणि तसाच राहिला.

त्याच दिवसांत झुंबरबाईला आठवा लागला. ही झुंबरबाई कोण, ते सांगायला हवं. शालू गेल्यावर आकारामनं दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं, ती ही. आपल्याकडं रिवाज असा, की दुसरेपणावर आलेली बायको पहिलीच्या आईला आई मानते. सणावाराला तिच्या घरी जाते, ओटी भरून घेते. झुंबरला स्वतःची आई नव्हती, ती मामाकडं वाढलेली. लग्नानंतर ती बाळाबाईच्या पाया पडायला आली आणि बाळाबाईनं तिला शालूचं हिरवं लुगडं नेसवलं. तेव्हापासून ती तिथं माहेरपणाला येऊ लागली. फक्त तिला आई म्हणायला जड जायचं. ती "अवो" म्हणून हाक मारायची. बाळाबाईनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून झुंबर त्याच घरी, त्याच खोलीत यायची होती. पोर पांढरीफटक. कालिंदीबाईंनी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या, त्या तिनं तोंड कडू होतं म्हणून वळचणीत खोचून ठेवल्या. बाईंनी कळवळून सांगितलं, की नववा लागला की हिला गडहिंग्लजला नेऊन ठेवा. आकारामची आई म्हणाली, "आमच्यात पयली खेप म्हायारालाच असती."  दुसऱ्या दिवशी बाळाबाई एकटीच दवाखान्यात आली.

"सुई हाय का?"

"नाही, बाळाबाई."

"एकबी न्हाय?"

बाईंनी कपाट उघडून दाखवलं. बाळाबाईनं रिकाम्या कप्प्यात हात घालून चाचपलं, जसं काही मागं एखादी राहिली असेल.

"मग मी काय करू?"

"हात आहेत तुमचे," कालिंदीबाई म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावर आडवं होऊन तिला स्वतःच्या पोटावर दाखवलं. एक हात खाली, जांघेच्या हाडाच्या वर, आत दाबलेला. दुसरा वरून गोळ्यावर. गोळा दोन हातांत पकडायचा आणि दाबून धरायचा. चोळून आवळला नाही तर दाबायचं. रक्त थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही. "किती वेळ?" बाळाबाईनं विचारलं. "मी पोचेपर्यंत," बाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना स्वतःच्या पायांची लाज वाटली.

पौषातल्या एका सकाळी आकाराम धावत आला. कालिंदीबाई आदल्या दिवशीच्या दोन बाळंतपणांहून नुकत्याच परतल्या होत्या आणि चूल पेटवत होत्या.

"पोरगा झाला," आकाराम धापा टाकत म्हणाला. "पयलं धडपं भिजलं. दुसरंबी निम्मं. बाळाआत्तीनं सांगितलंय, पळत जा."

"गाडी?"

"वाडीतल्या समद्या गाड्या गुऱ्हाळावर गेल्यात ऊस घेऊन. मानूस धाडलाय."

बाईंनी चुलीवर पाणी मारलं, पिशवी उचलली आणि निघाल्या. पिशवीत सगळं होतं, फक्त हवं होतं ते नव्हतं. ऊन कोवळं होतं पण डोळ्यांना झोंबत होतं. आकाराम पुढं पळायचा, मग थांबून मागं बघायचा. बाईंना पळता येत नव्हतं. गुडघ्यात कळ निघत होती. वाटेत एका आंब्याच्या सावलीत पाय आपोआप थांबले. क्षणभर बसावं, असं इतकं वाटलं की त्यांना रडू आलं. पाच वर्षं त्या चालतच होत्या, आणि तरी आज पुन्हा त्याच घराकडं, त्याच खोलीकडं, मोकळ्या हातांनी. बाई बसल्या नाहीत. बसल्या तर उठता येणार नाही हे त्यांना माहीत होतं.

साऱ्या वाटेत त्यांना भीती एकाच गोष्टीची वाटत होती. खोली स्वच्छ असेल का, याची. आकारामची आई तिथं आहे, शेजारणी आहेत, बाळाबाईचं वय झालंय. कुणीतरी जमीन सारवली असेल, कुणीतरी धडपी उचलून ओढ्यावर नेली असतील, आणि झुंबर पांढऱ्या कापडावर गप झोपली असेल.

वाडीत पोचल्या तेव्हा सोप्यावर बायका तणतणत होत्या. आकारामची आई पुढं आली. "बगा की नर्सबाई, म्हातारीला याड लागलंय. कुनाला आत येऊ दीना. घान तशीच हाय. सारवू दीना, धुवू दीना."

कालिंदीबाईंनी भिंतीला हात टेकला. म्हणजे धडपी अजून आतच होती. त्या आत शिरल्या.

खोलीत रक्ताचा वास होता. जमीन ओली, चिखलट. कोपऱ्यात डालगं. झुंबर जमिनीवर उताणी, ओठ कोरडे, चेहरा मेणासारखा, छातीशी लावलेलं पोरगं चुटूचुटू ओढत होतं. आणि बाळाबाई तिच्या शेजारी गुडघ्यांवर. अंबाडा सुटून केस पाठीवर आलेले, कपाळावरनं घाम नाकाच्या शेंड्याशी ठिबकत होता. दोन्ही हात झुंबरच्या पोटावर, दाखवले होते तसेच. दंड थरथरत होते. तिनं मान वर केली नाही.

बाईंनी आधी डालगं उचललं. दोन धडपी चिंब होती, तिसरं पाऊण. मग अंगाखालचं चौथं बघितलं. त्यावर तळहाताएवढा डाग होता आणि त्याच्या कडा सुकायला लागल्या होत्या. त्यांनी नाडी धरली. झरझर चालली होती, पण बोटांना लागत होती. पापणी ओढून बघितली. मग बाळाबाईच्या बोटांच्या बाजूनं आपली बोटं खुपसली आणि गोळा चाचपला. घट्ट होता. कवठासारखा घट्ट.

"थांबलंय, बाळाबाई," त्या म्हणाल्या. "थांबलंय. पाणी पाजू या तिला, साखर-मीठ घालून. गाडी आली की गडहिंग्लजला नेऊ. तुम्ही सोडा आता."

बाळाबाई हलली नाही.

"दोन तास झाले असतील तुम्हाला. सोडा, मी धरते."

"न्हाय सोडत."

"अहो, आवळलाय गोळा. माझ्यावर भरवसा ठेवा."

"हाय की भरवसा," बाळाबाई म्हणाली. "पर न्हाय सोडत."

झुंबरनं डोळे उघडले. तिनं मान कशीबशी वळवली आणि आवाज फुटेना तशा आवाजात म्हणाली, "आई, लई दुकतंय. सोड की गं."

बाळाबाईच्या तोंडावर काहीतरी सरकून गेलं. तिचे ओठ वेडेवाकडे झाले. ती रडत होती आणि हात मात्र जिथल्या तिथं होते.

"दुकू दे," ती म्हणाली. "वरड. शिव्या घाल मला. शालीला काय बी दुकत न्हवतं बग. गप पडलीती. म्या म्हटलं, बरं हाय."

कालिंदीबाई तिच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या. त्यांनी आपला उजवा हात तिच्या हाताखाली सरकवला, डावा वरून ठेवला, आणि गोळ्याचा सगळा भार आपल्या तळव्यांवर घेतला. मग म्हणाल्या, "आता मी धरलंय. बघा, हात लावून बघा. सुटत नाही." बाळाबाईनं बघितलं, मान हलवली, पण तिची बोटं उघडेनात. ती इतकी आखडली होती की तिची तिलाही सोडवेनात. शेवटी झुंबरनंच आपला थंडगार हात पुढं केला, आणि आईचं एकेक बोट उचलून बाजूला केलं.